सुट्टीतली हुरहुर

सहलीला जाऊन घराची आठवण येणं हे मोठं अडचणीचं दुखणं. नोकरीसाठी, शिक्षणासाठी घर सोडलेल्याला निदान सहानुभूती तरी मिळते. आपण मात्र हौसेने, कितीतरी आधी आरक्षण करून आलेले असतो. समोर समुद्र पसरलाय आणि डोक्यात काय, तर मागची खिडकी लावली होती ना! सांगणार कुणाला?

दिवसा ही हुरहुर फिरकत नाही. बघण्याची घाईच इतकी असते. ती गाठते खोलीवर परतल्यावर. दिव्याच्या बटणासाठी हात भिंत चाचपडतो. गरम पाण्याचा नळ कुठला, दार ओढायचं की ढकलायचं, अंघोळीचं पाणी बाहेर तर येणार नाही ना, साध्या साध्या गोष्टींत लक्ष घालावं लागतं. घरी हेच सगळं हातपाय परस्पर उरकतात, आपल्याला विचारतसुद्धा नाहीत. आठवण माणसांची येते म्हणतात, पण ती तर बहुतेक वेळा बरोबरच असतात. (चौथ्या दिवशी तर जरा जास्तच बरोबर.) मला वाटतं, आठवण येते ती बेसावध राहण्याच्या सोयीची.

झोपेतही सुटका नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही. वेगळा आवाज झाला की चटकन दखल घेते. म्हणजे गादी कितीही मऊ असो, अर्धा मेंदू पहाऱ्यावर. सकाळी अंग आंबलेलं असतं आणि आपण बिचाऱ्या उशीला बोल लावतो.

घराच्या ओढीला रीतसर आजार ठरवणारा प्रबंध स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला योहानेस होफर यांनी १६८८ मध्येच लिहून ठेवलाय. त्यातला एक तरुण बर्नहून बाझेलला शिकायला आलेला. झुरून झुरून तापाने पार खंगला. शेवटी त्याला घरी न्यायला निघाले, तर पठ्ठ्या वाटेतच सुधारू लागला! घर अजून लांबच होतं; नुसतं निघणं पुरलं.

सहलीच्या शेवटच्या दिवशी आपलंही हेच होतं. बॅगा भरून झाल्या, परतीची वेळ पक्की झाली, की हुरहुर कुठल्या कुठे पळते. कालपर्यंत परकी वाटणारी जागा एकदम आवडायला लागते आणि कुणीतरी म्हणतंच, ‘अजून दोन दिवस हवे होते, नाही?’