पोपटीसाठी अलिबाग, बांगड्यासाठी हर्णै: जानेवारीतले चार दिवस

एकवीस वर्षं मी मालवाहू जहाजांवर चीफ कुक होतो. जहाज बंदराला लागलं की बाकीचे खरेदीला जायचे आणि मी खायला. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सला असादो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस खाल्लं. न्यूझीलंडच्या टौरांगा बंदरातून रोटोरुआला जाऊन माओरी लोकांची हांगी, म्हणजे जमिनीत पुरून शिजवलेलं जेवण खाल्लं. पोर्तुगालमधल्या पोर्तोजवळच्या बंदरात भाजलेल्या सार्डिन माशांबरोबर व्हिन्यो व्हेर्द ही तिथली वाइन प्यायलो. घरी आल्यावर सगळे विचारतात, भाजलेलं सगळ्यात चांगलं कुठं मिळालं? माझं उत्तर ठरलेलं आहे: अलिबाग तालुक्यात, भात कापलेल्या शेतात, मडक्यातलं. वालाच्या शेंगा आणि थोडी कोंबडी मडक्यात पाल्यात भाजतात, तीच पोपटी. यंदा जानेवारीत मी, बायको आणि डोंबिवलीचं एक मित्र-जोडपं असे चौघे त्यासाठीच निघालो आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णैपर्यंत गेलो.

गाडी घेऊन जाणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट धरा. 2020 पासून ही सोय झाली आणि पनवेल-वडखळची कटकट संपली. साधारण तासाभरात पलीकडे. शनिवार-रविवारी गाडीची जागा आधी आरक्षित केली नाही तर धक्क्यावरूनच परत फिरावं लागतं. गाडी नसेल तर गेटवेहून लाँच आहेत. पावसाळ्यात मात्र त्या बंद असतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही एक चूक केली. किनाऱ्याजवळ ‘पोपटी मिळेल’ अशी पाटी दिसली आणि भुकेपोटी तिथेच बसलो. तासाभराने जे आलं ते गॅसवर शिजवून वरून धुरी दिलेलं चिकन होतं. शेंगा नावाला दहा-बारा, पाल्याचा वासही नाही. माझ्या मित्राने पोपटी आधी कधी खाल्ली नव्हती, आणि ‘हीच का ती?’ असं त्याने विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हणून आधीच सांगतो, जेवायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. मडकं कुठे लावणार? पाला कसला? शेंगा किती? शेत, भांबुर्डा (बांधावर उगवणारी उग्र वासाची वनस्पती) आणि ‘निम्म्याहून जास्त’ अशी उत्तरं आली तरच बसा.

दुसऱ्या दिवशी मेहुणीच्या सासरी गेलो, अलिबाग तालुक्यातल्याच खंडाळ्याच्या बाजूला. तिच्या सासूबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, दुपारपासून तयारीला लागल्या होत्या.

रायगडात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी लागत नाही, थंडीचं दव पुरतं. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत शेंगा भरतात आणि तेवढाच पोपटीचा हंगाम. त्याच सुमाराला शेताच्या बांधावर भांबुर्डा आपोआप उगवतो. त्याचा वास उग्र, ओव्याच्या जवळ जाणारा. एकाच वेळी, एकाच शेतात दोन्ही मिळतात, म्हणून हा पदार्थ झाला. मे महिन्यात कुणी पोपटी देतो म्हणाला तर नको म्हणा.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा जाड थर. त्यावर शेंगा, सोलायच्या नाहीत, फक्त धुऊन. जाडं मीठ आणि ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी. आलं-लसूण, हळद, मिरची लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मधोमध. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि तोंडाशी पाल्याचा बोळा असा गच्च की मडकं उपडं केलं तरी काही हलू नये. मी कोंबडीची चौथी पुडी ठेवायला गेलो तेव्हा मावशींनी हात धरला. “जावईबापू, कोंबडी पावण्यासारखी. घर शेंगांचं आहे.”

मला हे मनापासून पटतं. कोंबडीला सुटलेलं पाणी आणि चरबी शेंगांत उतरते, शेंगांचा गोडवा कोंबडीला लागतो, पण कोंबडी जास्त झाली की रस्सा होतो आणि शेंगा गिळगिळीत होतात. एका मडक्यात दोन-तीन पुड्या पुरे. शाकाहारी मंडळी असतील तर त्यांच्यासाठी वेगळं मडकं आधीच सांगून ठेवा. खरं तर मला तेच जास्त आवडतं.

मडक्यात पाण्याचा थेंब घालत नाहीत. ते जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती काटक्या, गोवऱ्या, वर पेंढा आणि आग द्यायची. आतला पाला आणि शेंगा आपल्याच ओलाव्यात वाफवतात. वरची माती भाजते, आत वाफ कोंडते. रोटोरुआच्या हांगीत हेच तत्त्व आहे: तापलेले दगड खड्ड्यात, वर अन्नाच्या टोपल्या, ओली फडकी, मग माती. त्यातही रताळं असतंच, तिथे त्याला कुमारा म्हणतात. पण हांगीला तीनेक तास लागतात आणि पोपटी पाऊण तासाच्या आत होते, कारण मडक्याची भिंत पातळ. असादोचं उलट: तिथे उघड्या निखाऱ्यावर संथ भाजणं, झाकण नाही, मसाला नाही, फक्त जाडं मीठ. तिथला भाजणारा घाईला जितका भितो तितक्याच मावशी आगीला भीत होत्या. ज्वाळा मोठी झाली की पेंढा बाजूला सारायच्या.

झालं की नाही हे घड्याळावर ठरत नाही. मावशींनी मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला. पाणी चर्र करून क्षणात उडालं, आणि धुराच्या वासातून शेंगांचा वास वेगळा येऊ लागला. मग ओल्या गोणपाटाने मडकं उचलून केळीच्या पानांवर ओतलं. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल हातात. माझा मित्र पाव तास काही बोलला नाही.

प्यायला काय? तिथली जुनी मंडळी ताडी घेतात. ताडी सकाळची, ताजी, परवानाधारक दुकानातलीच घ्या. दुपारपर्यंत ती आंबट होते आणि चढतेही जास्त. मी थंड पेटीतून नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन नेली होती. नाशिक व्हॅली वाइनला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि या वाइनमधला आंबटपणा ओव्याच्या आणि धुराच्या चवीला सुंदर जुळतो. लाल वाइन इथे नेऊ नका, पुढे मासळीबरोबर तर नकोच: तेलकट माशावर लाल वाइन घेतली की तोंडात लोखंडाची चव राहते. दारूचा परवाना जवळ ठेवा, उघड्या किनाऱ्यावर बाटली काढू नका, आणि यजमानांना विचारल्याशिवाय त्यांच्या शेतातही नको. गोव्याहून येणाऱ्यांसाठी एक सूचना: फेणी कितीही आवडली तरी परवान्याशिवाय ती महाराष्ट्राच्या हद्दीत आणणं गुन्हा आहे.

या किनाऱ्यावर द्राक्षांचं एक वेगळंच पेय आहे. बेने इस्रायली ज्यू समाज इथे शतकानुशतकं राहिला. शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. शब्बाथच्या प्रार्थनेला वाइन हवी, ती इथे कुठली मिळायला? मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत त्यांनी त्या जागी ठेवलं. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदाही त्यांचाच. अलिबागच्या इस्रायल आळीतून आणि रेवदंड्याच्या सिनेगॉगवरून जाताना मला त्या सरबताची फार आठवण होते.

तिसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला. किल्ला पोर्तुगिजांचा. पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. बटाटा, काजू, पेरू, पाव हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. आदल्या रात्री मडक्यात टाकलेला बटाटाही त्याच वाटेने आला. किल्ला चढायचा तर सकाळी नऊच्या आत, नंतर ऊन लागतं.

मुरूडला थांबलो नाही. आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट फेरीबोट जाते. बोटीवर बायकोने पिशवीतून रात्रीच्या उरलेल्या शेंगा काढल्या. गार झालेल्या शेंगांना धुराचा वास जास्त येतो आणि मीठ आत मुरलेलं असतं. निघताना थोड्या बांधून मागाच, कुणी नाही म्हणत नाही.

दिवेआगरला उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तरच मिळतात. आम्ही अलिबागहून फोन केला होता. श्रीवर्धनला फक्त सुपारीच्या बागा पाहिल्या. बागमांडल्याहून वेशवीला दुसरी फेरीबोट, मग केळशी-आंजर्लेमार्गे हर्णै. रस्ता अरुंद आहे, अंधारात घेऊ नका.

हर्णैला मासळीचा लिलाव समुद्राच्या वाळूतच भरतो, सकाळी आणि पुन्हा दुपार ढळल्यावर. समोर सुवर्णदुर्ग. मासळीच्या मोठ्या ढिगांच्या बोलीत शिरू नका, ती व्यापाऱ्यांची. कडेला बसलेल्या कोळणींकडे घासाघीस न करता थोडेच घ्या. साफ करून देणाऱ्या बायका तिथेच असतात. बुटात पाणी जाणार हे धरूनच जा.

आम्ही आठ बांगडे घेतले. उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनी त्यांना तिरप्या चिरा पाडल्या, मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ चोळलं आणि नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यावर जाळी ठेवली. बांगड्याचं तेल निखाऱ्यावर पडलं की जो धूर येतो तो पोर्तोच्या सार्डिनचाच. तिथे लिंबू असतं, इथे आगळ. उरलेली शेनिन त्या रात्री संपली. नसती तरी सोलकढी पुरेशी होती.

सकाळी निघण्याआधी वहिनींनी पेज वाढली. बाजूला खारा बांगडा, निखाऱ्यावर थेट टाकून भाजलेला, राख झटकून. याला कुणी पाटी लावत नाही आणि यादीतही तो नसतो. घरच्यांसाठी केलेला असतो, मागितला तर मिळतो.

परतायला दापोलीहून खेडला आलात की कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही मिळतात. आम्ही महामार्गाने आलो. वाटेत मेहुणीला फोन केला. मावशींनी विचारलं होतं, पुढच्या वर्षी किती मडकी लावायची? मी तीन सांगितली, त्यातलं एक फक्त शेंगांचं.