वॉटरप्रूफ म्हणजे खारप्रूफ नव्हे

वाळूतला धातू शोधायचं माझं पहिलं मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, मी खोक्यावरचा एक शब्द वाचून घेतलं. वॉटरप्रूफ. दहा फूट खोल पाण्यात चालेल असं छापलेलं होतं, दुकानदारानेही फोनवर "बीचसाठी एकदम बेस्ट" म्हणून सांगितलं, आणि मला वाटलं, झालं काम. मुलगी कॉलेजला गेल्यावर घर रिकामं झालं होतं. योगा आणि कराओके दोन्ही करून पाहिलं होतं. त्यात एकदा न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांचच्या किनाऱ्यावर एक आजोबा कानाला हेडफोन लावून, हातातली काठी हलवत चाललेले दिसले. त्यांनी वाळूतून चांदीची अंगठी काढली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पँटला पुसली. तेवढ्यावर माझा निकाल लागला.

पहिल्या रविवारी कोरड्या वाळूत मशीन छान वागलं. बाटल्यांची बुचं, पंचवीस सेंटची तीन नाणी, एक तंबूचा खिळा. मग मी ओल्या वाळूत उतरले, आणि मशीनने जो आवाज सुरू केला तो म्हणजे मृगाच्या पावसातले बेडूक. कॉइल, म्हणजे काठीच्या टोकाची चकती, उजवीकडे नेली तरी ओरडतंय, डावीकडे नेली तरी ओरडतंय, उचलून धरली की गप्प. नवरा खुर्ची टाकून थर्मासमधला चहा पीत बसला होता. तिथूनच म्हणाला, "अगं, सगळीकडे सोनंच आहे वाटतं!"

मी सेन्सिटिव्हिटी कमी करत गेले. निम्म्याच्या खाली आणल्यावर ते शांत झालं. शंका आली म्हणून बोटातली अंगठी काढून रुमालात बांधली, चार बोटं खोल पुरली आणि वरून कॉइल फिरवली. काही नाही. रुमालाचं टोक वर ठेवलं होतं म्हणून अंगठी परत मिळाली. मशीन बिघडलं नव्हतं, त्यात पाणीही गेलं नव्हतं. खोक्यावर काही खोटं छापलेलं नव्हतं. फक्त मी जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारलाच नव्हता.

तो प्रश्न असा: हे मशीन एका फ्रिक्वेन्सीवर चालतं की एकाच वेळी अनेक?

मी रत्नागिरीची. आमच्याकडे एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काळा समुद्र. मांडवीची वाळू काळी. लहानपणी फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून आम्ही त्या पुळणीत ओढायचो आणि घरी येईपर्यंत चुंबकाला काळी दाढी फुटलेली असायची. ती दाढी लोखंडाच्या खनिजांची. आई ती काढायला लावायची, आणि ती काही केल्या निघायची नाही. लाँग ब्रांचलाही वादळानंतर वाळूत काळे पट्टे दिसतात. ते पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं. मशीनला मात्र ते घरच्यासारखं वाटत नाही.

मशीनची कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. त्या लहरींनी धातूत बारीक विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलला परत ऐकू येतो. पण खारं पाणीही वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळूसुद्धा उत्तर देते. ते उत्तर साधारण पातळ सोन्याच्या किंवा चांदीच्या वर्खासारखं असतं. काळी वाळू वेगळंच उत्तर देते. एका फ्रिक्वेन्सीचं मशीन यातल्या एकालाच "तू गप्प बस" म्हणून सांगू शकतं. मीठ गप्प केलं की काळी वाळू बोलते, काळी वाळू गप्प केली की मीठ बोलतं. दोघांनाही गप्प करायचं तर आवाज इतका खाली आणावा लागतो की अंगठीही त्याच्यात बुडते. अनेक फ्रिक्वेन्सींचं मशीन तीच जागा एका वेळी वेगवेगळ्या स्वरांत ऐकतं. मीठ प्रत्येक स्वरात वेगळं वागतं, काळी वाळू वेगळी, धातू वेगळा, त्यामुळे त्यांची वजाबाकी करता येते. मी सायन्सची नाही, मी अकाउंट्सची, पण वजाबाकी मला कळते.

आणि हो, हे सगळं मी जिथे शिकले त्याच गावात या यंत्राचा एक जुना किस्सा संपतो. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती अंगात नेमकी कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेला. यंत्र नुसतं गुणगुणत राहिलं. गादीखाली स्टीलच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टर त्याला एकच बाजू तपासू देत होते. पुढे समुद्राची हवा मानवेल म्हणून गारफील्डना लाँग ब्रांचच्या एल्बरॉन भागात आणलं, आणि १९ सप्टेंबरला ते तिथेच गेले. मी त्या बाजूने चालते तेव्हा मला बेलचीच दया येते. त्याचं यंत्र चांगलं होतं. खाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा खरेदी करताना मी आधी घरी एक प्रयोग केला. डिटेक्टर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक मराठी बाईने तो करावा. पहिलंच मशीन अंगणात चालू केलं आणि लाकडी पाटावर माझं मंगळसूत्र ठेवलं, आईने दिलेलं, बारीक साखळीत काळे मणी आणि दोन वाट्या. साखळीवरून कॉइल नेली, अगदी दोन इंचांवरून. शांतता. वाट्यांवरून नेली. टुक. पुन्हा नेली. टुक टुक. साखळी कितीही लांब असली तरी मशीनला एकेक कडी वेगळी दिसते, आणि कडी इतकी बारीक की दिसल्यात जमाच नाही. वाट्या आतून पोकळ, त्यात लाख भरलेली, पण वरचा पत्रा सलग आहे, म्हणून भोवरा उठायला जागा मिळते. हे कोरड्या अंगणात. खाऱ्या वाळूत बारीक साखळी शोधून देईन असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकून घ्यावं आणि पाकीट घट्ट धरावं.

मग कुठलं घ्यायचं? तुम्ही वाळूच्या कुठल्या पट्ट्यात चालणार यावर ते आहे.

टॉवेल अंथरतात त्या कोरड्या पट्ट्यातच फिरायचं असेल तर जवळपास कुठलंही मशीन चालेल, फार खर्च करू नका. ओल्या वाळूत जायचं पण पाण्यात उतरायचं नाही, तर मिनलॅब कंपनीची व्हँक्विश ही स्वस्तातली मालिका अनेक फ्रिक्वेन्सींवर चालते. मात्र तिची कॉइलच पाण्यात जाऊ शकते, दांड्यावरचा पडद्याचा डबा नाही. एक मोठी लाट आली की संपलं. गुडघाभर पाण्यात जायचं तर डबाही पाण्यात टिकणारा हवा. इथे खरी स्पर्धा आहे. मिनलॅबची इक्विनॉक्स आणि नोक्ताचं लेजंड ही दोन्ही त्या गटातली. मी लेजंड घेतलं, मला साडेसहाशे डॉलरच्या आसपास पडलं. फ्रेंच कंपनी एक्सपीचं ड्यूस टू वीस मीटरपर्यंत जातं आणि हातात पिसासारखं हलकं लागतं. मी ते एका ओळखीच्या गृहस्थांचं दहा मिनिटं फिरवून परत दिलं, कारण अकरावं मिनिट परवडलं नसतं. छातीभर पाण्यात पाय रोवून उभे राहणारे जुने लोक अजून मिनलॅबचं एक्सकॅलिबर सोडत नाहीत. त्याला पडदा नाही, खालच्या धातूचा अंदाज सांगणारे आकडे नाहीत, नुसता आवाज. त्यांचे कान आमच्या आकड्यांपेक्षा शहाणे आहेत.

आणखी एक जात आहे, पल्स इंडक्शन. हे मशीन एक धक्का देतं, थांबतं, मग ऐकतं. मिठाचा प्रतिसाद चटकन विरतो, म्हणून थोडं उशिरा कान दिला की मीठ ऐकूच येत नाही. काळ्या वाळूचंही त्याला फारसं काही वाटत नाही. मांडवीच्या पुळणीसारख्या ठिकाणी हेच चालावं. पण त्याला सोनं आणि केसांची पिन यातला फरक धड कळत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, लाटा अंगावर घेत, पंधरा मिनिटं खणून पिन काढण्याची तयारी असेल तर जरूर घ्या.

(रत्नागिरीच्या चुलत भावाने लगेच विचारलं होतं, "मग पुढच्या वेळी येताना घेऊन ये की, भाट्याच्या पुळणीवर फिरू." त्याला मी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा सांगितला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असं त्यात आहे. दहा रुपये! तो म्हणाला, "मग राहू दे, मासे आणू.")

पडद्यावरच्या आकड्यांचं एक सांगते. सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि कोल्ड्रिंकच्या डब्याच्या कडीचा आकडा एकमेकांत मिसळतात. पाच सेंटचं नाणंही तिथेच आसपास बसतं. म्हणून "कचरा नको" म्हणून कड्यांचा आकडा बंद केलात की सोनंही बंद. मी लोखंड सोडून सगळं खणते. पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, तर हमखास निघते. १९८२ पासून ती जस्ताची, वर नुसता तांब्याचा मुलामा. खारं पाणी त्यात शिरलं की उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी होते.

खणायचं कशाने, हे मशीनइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातली चाळणी नेली होती. लाट आली आणि चाळणी गेली. आता माझ्याकडे लांब दांड्याचा, भोकं पाडलेला स्टीलचा स्कूप आहे. घरात त्याला सगळे झारा म्हणतात. आजी असती तर म्हणाली असती, शिकून सवरून अमेरिकेत गेली आणि झारेकरीण झाली. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ गोळा करून धुणारे झारेकरी तिने पाहिलेले होते. काम तेच आहे, फक्त माझी धूळ ओली आहे.

वायरलेस हेडफोन कोरड्यात उत्तम, पण पाण्यातून तो सिग्नल जात नाही, म्हणून बुडवून वापरायचं तर वायरवाला हेडफोन घ्या. आणि घरी आल्यावर मशीन नळाखाली साध्या पाण्याने धुवा, दांड्याचे सांधे सोडवून. मिठाला आळस चालत नाही.

यंदा जूनमध्ये आमच्या मंडळातल्या एका मुलाची लग्नाची अंगठी लाँग ब्रांचला पडली. लग्नाला चार महिने झालेले. "काकू, तुमचं ते मशीन..." एवढंच बोलून तो फोनवर थांबला. कमरेएवढ्या पाण्यात बॉल फेकत होता. गार पाण्यात बोटं आकसतात, वर सनस्क्रीनचं तेल, मग अंगठीला काय लागतं! त्याने निदान एक शहाणपणा केला होता. पाण्यातूनच मागे वळून लाइफगार्डच्या खुर्चीचा आणि एका हिरव्या छपराचा फोटो काढून ठेवला होता.

उन्हाळ्यात दिवसा मशीन फिरवू देत नाहीत. प्रत्येक गावाचे नियम वेगळे आहेत, नगरपालिकेत विचारूनच जावं. म्हणून मी पहाटे गेले, दोन वेगळ्या सुकतींना (ओहोटींना). पहिल्या दिवशी अकरा कड्या आणि शिशाची सहा वजनं, गळाला लावतात ती. वजनं मिळाली की मला बरं वाटतं. जड गोष्टी समुद्र एकाच घळीत नेऊन ठेवतो, शिसं आहे तिथे सोनंही असू शकतं. दुसऱ्या दिवशी त्याच घळीत एक गोड, भरीव आवाज आला, दोन्ही बाजूंनी सारखा. दोन झारे वाळू काढली. तिसऱ्यात काहीतरी खुळखुळलं.

अंगठी नव्हती. तान्ह्या बाळाच्या पायातला चांदीचा वाळा होता, काळाठिक्कर पडलेला, दोन घुंगरांपैकी एक शाबूत. न्यू जर्सीच्या समुद्रात! काठावर उभ्या असलेल्या त्या मुलाला मी तो हातात दिला तर त्याने तो कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाला, "काकू, हे आपल्यापैकीच कुणाचं तरी आहे." लाइफगार्डच्या ऑफिसात फोटो देऊन ठेवला, मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अजून कुणी विचारलेलं नाही. सध्या माझ्या देव्हाऱ्याच्या खणात आहे, एका डबीत.

अंगठीची मला घाई आहे ती वेगळ्या कारणाने. या किनाऱ्यावर १९९४ पासून सरकार समुद्रातून वाळू उपसून पुळणीवर ओतत आलं आहे, किनारा खचू नये म्हणून. पुन्हा ओतली की खालचं सगळं कॉइलच्या आवाक्याबाहेर जातं. दक्षिणेकडे सर्फ सिटीला तर २००७ मध्ये अशा वाळूबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळातला दारूगोळाच वर आला होता. तेव्हा झारा मारताना जरा जपून.

आता सप्टेंबरातला लेबर डे होऊन गेला, इथला उन्हाळा संपला, लाइफगार्डच्या खुर्च्या हलल्या. रत्नागिरीला अमावास्येची भरती दुपारी अकरा-बाराला येते, इथे त्या सुमाराला दुपारी दोन-तीनला सुकती असते. शनिवारी अमावास्या आहे. त्या मुलाला सांगितलंय, जेवणाचा डबा मी आणते, तू बायकोलाही घेऊन ये आणि तो हिरव्या छपराचा फोटो प्रिंट करून आण. उन्हात फोनवर काही दिसत नाही.