हाय वॉलची नळी: बदलायची, की चेंबर वाढवायचं?

मंडळी, निर्णय एकदाचा झाला. माझ्या विंचेस्टर १८८५ हाय वॉल रायफलला नवी नळी बसणार, आणि तीसुद्धा मूळच्याच ३२-४० या काडतुसाच्या मापात; चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, वाढवणार नाही. जुनी नळी आतून-बाहेरून तेल-ग्रीस लावून, गुंडाळून, रायफलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून कपाटात राहील. अख्खा हिवाळा याच प्रश्नावर खल चालला होता. तुमच्यापैकी कुणाकडे जुनी एकबारी रायफल असेल तर आज ना उद्या हाच प्रश्न तुमच्यापुढेही येणार, म्हणून या वेळची नोंद जरा सविस्तर लिहितोय.

आधी रायफलची ओळख. हिचा मूळ आराखडा जॉन ब्राउनिंगचा, पेटंट १८७९ चं. युटामधल्या ऑग्डनला ब्राउनिंग बंधू स्वतःच्या दुकानात या रायफली बनवत. विंचेस्टरने १८८३ मध्ये हक्क विकत घेतले, १८८५ पासून उत्पादन सुरू केलं आणि ते १९२० पर्यंत चाललं. नळी मागून बंद करणारा ठोकळा (ब्रीचब्लॉक) आणि हातोडी झाकणाऱ्या रिसीव्हरच्या, म्हणजे मधल्या धातूच्या सांगाड्याच्या, भिंती उंच असल्या की हाय वॉल, उतरत्या असल्या की लो वॉल. माझी हाय वॉल आहे. अष्टकोनी नळी, जाडी क्रमांक ३ (हा आकडा पुढच्या लाकडाच्या किंचित पुढे, नळीच्या खालच्या अंगाला ठोकलेला असतो), सेट ट्रिगर (अगदी हलक्या स्पर्शाने सुटणारा चाप), आणि रिसीव्हरवर केस-हार्डनिंगचे, म्हणजे पोलादाचा वरचा थर कडक करताना उमटलेले, निळे-तपकिरी ढग अजून कडेकोपऱ्यांत शाबूत. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या जपलेल्या आहेत. तिथून पत्र मागवलं. पत्रातला तपशील आणि हातातली रायफल तंतोतंत जुळतात: ३२-४०, ३० इंची अष्टकोनी नळी, सेट ट्रिगर. सव्वाशे वर्षांत कुणी काही बदललेलं नाही. हे कळलं आणि प्रश्न सुटायच्या ऐवजी आणखी अवघड झाला.

कारण नळी आतून खराब आहे. ३२-४० हे मूळचं बॅलार्ड रायफलीसाठी निघालेलं काडतूस: १६५ ग्रेन (वजनाचं लहान माप) वजनाची शिशाची गोळी आणि ४० ग्रेन काळी दारू. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस लोकांच्या शुट्झन स्पर्धांत, उभ्याने २०० यार्डांवर नेम धरणाऱ्यांचं हे लाडकं काडतूस. १९०१ मध्ये सी. डब्ल्यू. रोलंड यांनी नामांकित नळी-कारागीर हॅरी पोपच्या ३२-४० नळीतून २०० यार्डांवर १० गोळ्या पाऊण इंचाच्या आत बसवल्या होत्या. अशा काडतुसाची रायफल माझ्या हातात १०० यार्डांवर गोळ्या पाच इंच पसरवत होती. दारू बदलली, शिसं-कथलाचं प्रमाण बदललं, गोळीचं वंगण बदललं, गोळ्यांची पसरण काही आवळेना. प्रत्येक वेळी साफ करताना चेंबरच्या पुढच्याच भागातून शिशाच्या चकचकीत पापुद्र्या निघत.

दोष कुणाचा म्हणाल तर जुन्या प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीचा. त्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं मीठ होऊन नळीत बसतं आणि हवेतला ओलावा ओढतं. हे मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. काळ्या दारूच्या काळात लोक नळी पाण्यानेच धूत, त्यामुळे निभावत होतं. धूरविरहित दारू आल्यावर नळी स्वच्छ दिसू लागली, लोक नुसता तेलाचा बोळा फिरवून रायफल ठेवून देऊ लागले, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवे प्रायमर येईपर्यंत असंख्य चांगल्या नळ्या आतून सडल्या.

आता मूळ मुद्दा. क्लबातल्या निम्म्या लोकांचा सल्ला एकच: चेंबर वाढव, ३२ स्पेशल या दुसऱ्या काडतुसाचं करून टाक. वरवर पाहता सल्ला बिनतोड वाटतो. ३२ स्पेशलची गोळी त्याच मापाची, ०.३२१ इंचाची, नळीतल्या खाचांचा पीळही तोच, १६ इंचांत एक फेरा, बुडाची कडा तीच, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाला) हात लावायला नको. पुंगळ्या सहज मिळतात. पण काही कापण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते मोजून घ्यावं, हे माझं ठाम मत.

म्हणून चेंबरचा ठसा घ्यायला सेरोसेफ ओतलं. ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी: हा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो. चेंबर कोरडं करायचं, पुढे नळीत बोळा घट्ट बसवायचा आणि मागून धार सोडायची. थिजलं की पुढून गजाने हलकेच ढकलायचं. हा धातू आधी किंचित आकसतो, मग फुगायला लागतो. साधारण तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाइतकंच असतं, तेव्हाच मायक्रोमीटर लावायचा. माझा ठसा हातात आला तेव्हा चेंबरचा भाग आरशासारखा गुळगुळीत होता. त्याच्यापुढे जिथे पिळाच्या खाचा सुरू होतात, तिथून ठशावर बारीक बारीक उंचवटे, नखाला लागतील असे. नळीतला प्रत्येक खड्डा ठशावर उंचवटा होऊन आला होता. ते ठशाच्या टोकापर्यंत होते, आणि बोअरस्कोपने (नळीच्या आत पाहायच्या दुर्बिणीने) पाहिलं तर त्याच्याही पुढे चारेक इंच.

म्हणजे चेंबर निरोगी आणि नळी आजारी. चेंबर वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय ३२ स्पेशल आखूड आहे, ३२-४० चं चेंबर त्याहून लांब. पुढे मोकळी जागा उरणार आणि गोळीला पिळात शिरण्याआधी उगाच उडी मारावी लागणार. त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. नळीवर ३२ स्पेशल ठोकलं की उद्या माझ्यानंतर कुणीतरी दुकानातलं तयार काडतूस त्यात घालणार. ते काडतूस धूरविरहित दारूच्या दाबासाठी बनलेलं आहे, आणि ही नळी काळ्या दारूच्या काळातल्या मऊ पोलादाची.

नळी मागे सरकवून नव्याने चेंबर कापायचा विचारही केला. पण अष्टकोनी नळीचे पैलू रिसीव्हरशी जुळायला हवेत आणि साइटच्या खाचा वरच राहायला हव्यात, म्हणजे पूर्ण एक फेरा सरकवायला हवा. आटे इंचाला १६. एका फेऱ्यात इंचाचा सोळावा भाग सरकणार, आणि खड्डे चारपाच इंच! त्यात जुन्या हाय वॉलची चपटी मेनस्प्रिंग (हातोडीला जोर देणारी स्प्रिंग) नळीच्याच पोटाला खाचेत बसवलेली असते. नळी सरकली की ती खाच, लाकडाची जागा, सगळंच सरकणार.

खरी चुरस तिसऱ्या पर्यायाशी होती: नळी आतून मोठी करून ३८-५५ या जाड काडतुसाची करणं. हा पर्याय मला मनापासून आवडतो. ३२-४० आणि ३८-५५ यांचं बूड एकच (३०-३० सुद्धा याच घराण्यातलं), त्यामुळे ब्रीचब्लॉक, एक्स्ट्रॅक्टर सगळं तसंच राहतं. खाचांचं माप ०.३२ वरून ०.३७५ च्या पुढे जातं, म्हणजे खड्ड्यांसकट खराब पोलाद निघून जातं. बाहेरचे शिक्के, साइटच्या खाचा, जुना रंग, कशालाच धक्का नाही. ज्या रायफलीचं कोडीचं पत्र जुळत नाही, किंवा जिची नळी आधीच कुणी कापली-घासली आहे, तिच्यासाठी मी डोळे मिटून हेच सुचवीन. जुनी नळी पोखरून आत लायनर (पातळ नवी नळी) बसवणं हाही प्रतिष्ठित मार्ग आहे, विशेषतः २२ सारख्या लहान काडतुसांना.

पण दोन्हींत जे पोलाद एकदा कापलं ते परत येत नाही. माझ्या रायफलीतलं सगळं मूळचं आहे. उद्या ती ज्याच्या हातात जाईल त्याला जुनी नळी पुन्हा चढवून कारखान्यातून निघाली तशी रायफल उभी करता आली पाहिजे. नव्या नळीत खर्च सगळ्यात जास्त आहे, वाटही पाहावी लागते, तरी हा एकच मार्ग असा की जो उलटा फिरवता येतो.

नळी उतरवायचं काम मी स्वतः अंगावर घेतलं नाही. आमच्याकडचे एक जुने गनस्मिथ आहेत, त्यांच्या हाताखाली उभा राहिलो. रिसीव्हरला जाळ दाखवायचा नाही ही त्यांची पहिली अट, नाहीतर केस-हार्डनिंग गेलं. खालच्या बाजूला सांध्यावर आडवी बारीक खूणरेघ होतीच. आट्यांत पाझरणारं तेल सोडून बरेच दिवस तसंच ठेवलं. मग पैलूंच्या आकाराचे लाकडी ठोकळे, त्यांवर राळेची पूड म्हणजे नळी आत फिरणार नाही, आणि रिसीव्हरला आतून-बाहेरून नीट बसणारा पाना. नाहीतर रिसीव्हरची भिंत वाकते. “झटका देऊ नका, वजन टाका,” ते म्हणाले. मी वजन टाकलं. कुरकुर न करता एकच ‘टक्’ झालं आणि खूणरेघेचे दोन तुकडे केसभर बाजूला झाले. पुढचे फेरे हातानेच फिरले. आटे अगदी ताजे, कडा धारदार, तळाशी काळं घट्ट झालेलं जुनं तेल. हे आटे कापले गेल्यापासून बहुधा आम्हीच पहिल्यांदा पाहत होतो.

ब्लँकची, म्हणजे अजून चेंबर न कापलेल्या नव्या नळीची, मागणी दिली आहे: अष्टकोनी, जुन्या नळीइतकाच निमुळता, पीळ १४ इंचांत एक. मूळ १६ होता, पण मी १६५ पेक्षा जड, लांब गोळ्या ओततो आणि त्यांना थोडा कडक पीळ मानवतो. नळी नव्या पोलादाची झाली तरी दाब झेलणारा ब्रीचब्लॉक आणि रिसीव्हर तेच आहेत, त्यामुळे दारूचं प्रमाण काळ्या दारूच्या हद्दीतच राहील. नव्या नळीवर काडतुसाचं नाव ३२-४० असं स्पष्ट ठोकून घेणार.

मेनस्प्रिंगची खाच मिलिंगवर कापताना संदर्भ म्हणून जुनी नळी शेजारी ठेवायची आहे. खाचेची खोली आणि रिसीव्हरच्या तोंडापासूनचं अंतर मोजून वहीत लिहून ठेवलंय. कुणी चपट्या स्प्रिंगच्या हाय वॉलला नवी नळी बसवली असेल तर स्प्रिंगचा ताण कसा जुळवला ते जरूर कळवा. सेट ट्रिगर असल्यामुळे हातोडीची धडक कमी पडून चालणार नाही.