इंग्लंडात एकच रोप उरलं होतं

दरवर्षी पावसाळ्यात कासला जाणाऱ्या आपल्या सातारकरांना इंग्लंडमधल्या एका रानटी ऑर्किडबद्दल कळायलाच पाहिजे असं फार दिवस मनात आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते. नाव लेडीज स्लिपर, शास्त्रीय नाव सिप्रिपेडियम कॅल्सिओलस. फूल काय देखणं आहे, चॉकलेटी-मरून रंगाच्या पीळ पडलेल्या पाकळ्या आणि मधोमध पिवळीधमक फुगीर मोजडी! युरोपपासून पार सायबेरियापर्यंत उगवतं, पण कुठेही नाही हं, बहुतेक करून चुनखडीची जमीन लागते, विरळ झाडी आणि त्यातून झिरपणारं ऊन लागतं. मे-जूनमध्ये फुलतं.

त्या मोजडीत मध नसतोच. वासाला भुलून छोटी रानटी मधमाशी आत घसरते, आतल्या कडा गुळगुळीत, आली त्या वाटेने परत चढता येत नाही, मग मागच्या बाजूने जिथून उजेड दिसतो तिकडे ती जाते आणि तिथल्या बारीकशा फटीतून अंग चोरून बाहेर पडते. त्या वाटेवर आधी स्त्रीकेसर लागतो आणि मग परागकण, म्हणजे आधीच्या फुलातले पराग असतील तर ते इथे पुसले जातात आणि जाताना नवे अंगाला चिकटतात. माशी जास्त मोठी असली तर फटीतून निघत नाही, अगदीच बारीक असली तर परागाला शिवतही नाही. म्हणजे मापाची माशी त्या भागात हवी. किती नाजूक हिशोब आहे हा!

तर हे फूल उत्तर इंग्लंडच्या चुनखडीच्या डोंगराळ भागात पूर्वी बऱ्यापैकी होतं. लोकांनी खणून खणून नेलं, बागेत लावायला, बाजारात विकायला, संग्रहात ठेवायला. 1917 साली तिथून ते नामशेष झालं असं धरलं गेलं. मग 1930 मध्ये यॉर्कशायरमध्ये एक रोप सापडलं. एकच! तेव्हापासून त्याची जागा गुप्त आणि फुलायच्या दिवसांत तिथे राखणदार. 1983 पासून लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये बियांपासून रोपं करायला घेतली, 1989 ला पहिली रोपं रानात लावली आणि त्यातल्या पहिल्या रोपाला फूल आलं ते थेट 2000 साली. उपटायला दोन मिनिटं लागत असतील, बघा.

एवढा वेळ का, तर ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ, त्यात अन्नाचा साठाच नसतो, रानात रुजायला मातीतली ठरावीक बुरशी भेटावी लागते, ती कोंबाला पोसते. जमिनीत उगवणाऱ्या आपल्या कासच्या हॅबेनारिया ऑर्किडांचंही तेच. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, कंद खाली झोपलेला असतो, आणि पावसाला लागून एखादं गोल पान जमिनीला चिकटून येतं, त्यावर पांढरं फूल. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी एक जात येते, टूथब्रशच्या दातांसारखी एकाच बाजूला फुलांची रांग असलेली. काही जातींच्या फुलामागची नळी तर इतकी लांब की तळातल्या मधापर्यंत लांब सोंडेचे पतंगच पोचतात. मला तरी हे लेडीज स्लिपरपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

पण यवतेश्वरचा घाट चढून वर जाणारे काही लोक कंदासकट रोप उपटून पिशवीत घालतात, कुंडीत लावू म्हणून. ते कुंडीत बहुतेक जगत नाही, कारण ती माती, तो पाऊस, ती बुरशी तुम्ही आणलेलीच नसते. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ऑनलाइन बुकिंग आलं, गावातली पोरं उन्हापावसात उभी राहून लोकांना पायवाटेवर ठेवतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका प्लीज. फोटोसाठी फुलांत बसायचं तर अजिबातच नाही, कंद आणि पुढच्या वर्षीचा कोंब तिथेच खाली असतो.

घरात ऑर्किड हवंच असेल तर नर्सरीत फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमची लॅबमध्ये वाढवलेली संकरित रोपं मिळतात, बाल्कनीत सावलीला छान येतात, काळजी कशी घ्यायची ते विचारलंत तर मी आनंदाने सांगेन.