मीटर बसवायला एक दुपार, सोडवायला सव्वीस दिवस

आमची वीस फुटी फायबर होडी, तिच्या मागे टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं जुनं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पहाटे मालवणहून गरवायला निघायचं आणि परतताना पेट्रोल पुरेल ना, या धास्तीत मासे विसरायचे. काका म्हणायचे, "टाकीत काठी घाल, कळतला किती रवला ता." हलत्या होडीत काठी प्रत्येक वेळी वेगळं सांगते.

म्हणून फ्युएल फ्लो सेन्सर, म्हणजे नळीतून इंजिनाकडे किती पेट्रोल गेलं ते मोजणारा मीटर. पेट्रोल आउटबोर्डमधून टाकीकडे परत जाणारी नळी नसते, त्यामुळे एकच पुरतो. डिझेल इंजिनातलं उरलेलं डिझेल टाकीत परत येतं, तिथे जाणारं आणि येणारं असं दोन्हीकडे मोजून वजाबाकी करावी लागते. चुलतभाऊ त्याच्या डिझेल होडीसाठी माझ्यासारखाच एक मागवणार होता, वेळेत थांबवला. इंजिन नवं असेल तर आधी मेस्त्रीला विचारा. बऱ्याच नव्या इंजिनांचा कॉम्प्युटरच केबलवरून खपाचा आकडा देतो. आमचं कार्ब्युरेटरवालं, त्यामुळे फिशफाइंडरला (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या स्क्रीनला) जोडणारा सेन्सर परदेशातून मागवला. जूनमध्ये होडी शाकारलेली असताना बसवू, असा बेत.

पार्सल मुंबईत उतरलं आणि कस्टम्सच्या 'क्लिअरन्स डिले' या दोन शब्दांत रुतलं. कुरियरवाल्यांनी केवायसी मागितलं, दिलं. परत मागितलं. कारण? आधारवर मालवण 'व्ही'नं, पार्सलवर 'डब्ल्यू'नं. माझ्या गावाचं स्पेलिंग मी कोणाला सिद्ध करून दाखवू? नवव्या दिवशी मेल आला, आयात-निर्यात कोड द्या. घरच्या वापराच्या वस्तूला तो लागत नाही, हे मी चार वेळा फोनवर सांगितलं, प्रत्येक वेळी नव्या माणसाला. पंधराव्या दिवशी नवीनच: यात वायरलेस आहे का? असेल तर डब्ल्यूपीसीची (सरकारच्या वायरलेस खात्याची) मंजुरी आणा. अहो, दोन बाजूंना नळ्या, आत भिंगरी आणि एक वायर! पण कॅटलॉगच्या त्याच पानावर जीपीएसवाला फिशफाइंडर छापलेला, तिथे साहेबांची नजर गेली असावी. शेवटी सेन्सरचंच पान वेगळं काढलं, 'यात रेडिओ नाही, वापर खासगी' असं सहीचं पत्र जोडलं, आणि तिसऱ्या दिवशी सुटलं. ड्युटी भरलीच, वर साठवणुकीचे पैसेही. म्हणजे उशीर त्यांचा, भाडं माझं. तुम्ही हे पान आणि पत्र पहिल्याच दिवशी पाठवा.

बसवणं त्यामानाने काहीच नाही. गाळणीनंतर, इंजिनाच्या आधी, बाण इंजिनाकडे. जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तुकडा आत गेला की भिंगरी अडकते. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून हवा काढा, नाहीतर आकडा नाचतो. मग टाकी खुणेपर्यंत भरून दोन-तीन फेऱ्या मारल्या, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरली. मीटर म्हणाला २८ लिटर, पंपावर बसले ३०. तो फरक सेटिंगमध्ये घातला.

पूर्ण थ्रॉटलला तासाला पंधरा लिटरच्या आसपास जातं, हात जरा आखडला की नऊ-दहा. काकांनी आकडा बघितला, काही बोलले नाहीत, पण थ्रॉटल खाली घेतला.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: नळी कापण्याआधी बॅटरीची वायर काढा आणि होडी उघड्यावर ठेवा. शाकारलेल्या झापांखाली पेट्रोलची वाफ तळाशी साचते. मी झापं काढायचा कंटाळा करत होतो, मेस्त्रीनं हाताला धरून बाहेर काढलं.