काट्यावर अडकलेला आकडा

मंगळवार, रात्री पावणेबारा

आत्ता घरी पोचलो. जेवण झाकून ठेवलंय पण आधी हे लिहितो, नाहीतर पुढच्या हंगामात परत हीच माती खाईन.

सकाळी साडेसातला साखर कारखान्यातून काट्यावरच्या अण्णांचा फोन, साहेब स्क्रीन गोठलीय आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलीय. आमचं ॲप तसं साधंच, सी शार्प भाषेतलं विनफॉर्म्स, म्हणजे विंडोजवर चालणारी साधी विंडो. काट्याच्या इंडिकेटरमधून (वजन दाखवणाऱ्या पेटीतून) वजन सिरीयल पोर्टने कन्व्हर्टरमधे येतं, तिथून टीसीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, पीसीवर, की आपण ते मोठ्या अक्षरात दाखवायचं आणि पावती छापायची. सॉकेट, म्हणजे त्या कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, वाचायला मी वेगळा थ्रेड ठेवलेला, म्हणजे प्रोग्रॅममधलाच समांतर चालणारा एक कामगार. त्या थ्रेडमधून सरळ लेबल बदललं की डिबगरमधे लगेच क्रॉस थ्रेडचा एक्सेप्शन (चुकीच्या थ्रेडने स्क्रीनला हात लावल्याची एरर) येतो, म्हणून इन्व्होक घातलेला, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या मेन थ्रेडला काम सांगायचं आणि ते होईपर्यंत थांबायचं. तो चेकच बंद करून टाकायची पळवाट असते, ती घेतली नव्हती, तेवढी अक्कल होती.

पण शिफ्ट बदलताना अण्णा विंडो बंद करतात आणि तिथेच सगळं अडकत होतं. विंडो बंद होताना मेन थ्रेड जॉईन करून बसतो, की वाचणारा संपल्याशिवाय मी हलणार नाही. आणि वाचणारा नेमका त्याच वेळी इन्व्होकमधे उभा, की मेन थ्रेड मोकळा झाल्याशिवाय मी हलणार नाही. बसा मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ऑफिसात हे कधीच दिसलं नाही कारण माझा सिम्युलेटर पाच सेकंदातून एकदा वजन पाठवायचा आणि इथे खरा इंडिकेटर सेकंदाला सात-आठ वेळा ओततोय, त्यामुळे बंद करताना गाठ पडणारच होती.

म्हणलं आता बिगिनइन्व्होकचं (काम सांगून न थांबता पुढे जाणाऱ्या इन्व्होकचं) ठिगळ लावत बसायचं नाही, थ्रेडच काढून टाकू आणि असिंक अवेट करू, म्हणजे थ्रेड न अडवता वाट बघायची. अवेटनंतर कंट्रोल आपोआप यूआय थ्रेडवर, म्हणजे त्याच मेन थ्रेडवर, परत येतो त्यामुळे इन्व्होकची भानगडच मिटली. फक्त त्यात कुठे डॉट रिझल्ट (उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून ठेवणारा) लिहायचा नाही, नाहीतर तोच डेडलॉक, म्हणजे दोघांनी एकमेकांना अडवून बसणं, मागच्या दाराने आत येतो. दुसरी गोची अशी की कॅन्सलेशन टोकन, म्हणजे थांबायचा इशारा, देऊनही रीड थांबेना. आमचं जुनं डॉट नेट फ्रेमवर्क आहे, त्यात नेटवर्क स्ट्रीम ते टोकन फक्त सुरुवातीला बघतो, एकदा वाचायला बसला की ऐकत नाही. शेवटी सॉकेटच बंद करायचा आणि येणारा एक्सेप्शन गुमान गिळायचा. यात दोन तास गेले, अण्णांनी तीनदा चहा पाजला.

आणि मग दुपारी जे झालं त्याने पोटात गोळाच आला. एका ट्रॅक्टरचं वजन झालं, २८,४६० किलो, तो खाली उतरला, मागून बैलगाडी चढली, स्क्रीनवर तरी २८,४६०च. गाडीवान खिडकीतून बघून म्हणाला, "एवढा ऊस माझ्या बैलांनी वढला व्हय?" सगळे हसले, पण मागच्या ट्रॅक्टरपाशी उभे असलेले एक म्हातारेबाबा हसले नाहीत, नुसतं म्हणाले, "काटा मारत्यात." मी बाहेर जाऊन काय सांगणार त्यांना, की बाबा हे हाफ ओपन कनेक्शन आहे?

झालं होतं एवढंच की कन्व्हर्टरची वायर नेटवर्क स्विचमधून निसटलेली. पीसीची वायर जागेवर, त्यामुळे विंडोजच्या दृष्टीने सगळं आलबेल, माझा अवेट शांतपणे वाट बघत बसलेला. एरर नाही, शून्य बाइट नाही, काही नाही. शून्य बाइट तेव्हाच येतात जेव्हा समोरचा रीतसर कनेक्शन बंद करतो, वायर निसटली तर निरोप कोण देणार? कीप अलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणं, चालू केला तरी विंडोजमधे डीफॉल्ट दोन तासांचा, तेवढ्यात अर्धी रांग खोट्या वजनावर गव्हाणीकडे गेली असती. सकाळचं हँग होणं परवडलं, तिथे निदान सगळ्यांना कळत तरी होतं की बिघडलंय.

मग तिथेच बसून टाइमर टाकला. दोन सेकंदात नवीन ओळ आली नाही की आकडा पुसायचा, लाल पट्टी, पावतीचं बटण बंद, सॉकेट तोडून नव्याने जोडायचा. टाइमर अख्खी ओळ आली तरच रीसेट होतो, नुसते बाइट आले म्हणून नाही, कारण टीसीपीला ओळ बिळ काही कळत नाही, एका रीडमधे "२८" आणि पुढच्यात "४६०" असंही येतं. हे गेल्या वर्षीच शिकलोय, तेव्हा एक ट्रॅक्टर ४६० किलोचा दिसला होता.

संध्याकाळी अण्णांच्या समोर पाचदा वायर उपसून दाखवली. पाचही वेळा लाल झालं. मग त्यांनी स्वतः एकदा उपसली, मी सांगितलं म्हणून नाही, त्यांना बघायचं होतं. लाल पट्टीकडे बघत म्हणाले, साहेब ही पट्टी बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर पण दिसेल का, त्या बाबांना?

तो डिस्प्ले थेट इंडिकेटरला जोडलाय, माझ्या ॲपशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे दुपारी बाहेर बैलगाडीचं खरं वजन दिसत असणार आणि आत माझं खोटं. बाबांनी दोन्ही बघितले असणार.

जेवण गार झालं.