तुम्ही विचारलंत म्हणून: नाटक का सोडलं आणि परत का आलो

गेल्या वर्षभरात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, लग्नात, बँकेच्या रांगेत, तालमीच्या हॉलबाहेर चहा पिताना, की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. चांगलं चाललेलं असताना 1998 ला नाटक सोडलंस आणि आता बावन्नाव्या वर्षी परत तालमीला कसा जायला लागलास, आणि घरी बसून शेक्सपिअरच्या एकाच नाटकावरचे, 'ऑथेल्लो'वरचे, सिनेमे सारखे का बघतोस. आजवर मी नोकरी, बदली, आईचं आजारपण अशी उत्तरं दिली. खोटी नाहीत ती. पण नाटक त्यामुळे सोडलं नव्हतं.

आम्ही सांगलीचे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे, त्यामुळे आमच्या ग्रुपनं स्पर्धेसाठी 'झुंझारराव' काढलं यात कुणाला नवल वाटलं नाही. 1890 चं नाटक, ऑथेल्लोचं मराठी रूप, आम्ही दीड तासाचं केलं. मी झुंझारराव, सव्वीस वर्षांचा. त्याची बायको कमळजा करणारी मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी लहान, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली नटी होती, हे मी तेव्हा कुणापाशी कबूल केलं नसतं.

शेवटच्या प्रवेशात झुंझारराव संशयानं कमळजाचा जीव घेतो, त्यात आधी उशी होती. पण उशीनं तिचा चेहरा झाकला जायचा आणि मागच्या रांगेला काहीच दिसायचं नाही, म्हणून दिग्दर्शकानं उशी काढून हात ठेवले. आम्ही ते नीट बसवलं होतं. माझे हात तिच्या गळ्यावर नाही, गळ्याखाली हाडावर टेकायचे, माझी मनगटं तिनं धरायची, धडपड सगळी तिची, मी फक्त खांदे ताठ ठेवायचे. आणि काही चुकलं तर तिनं पलंगावर दोनदा थाप मारायची की मी सोडणार. महिनाभर रोज केलं, एकदाही चुकलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी थिएटर भरलेलं होतं. त्या प्रवेशाला एवढी शांतता पसरली की मागच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. अशी शांतता मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. हात जरा वर सरकले. कसे सरकले ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण सरकले हे मला माहीत होतं. तिनं थाप मारली. एकदा, मग दुसरी.

मला ती थाप कळली होती.

हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. तेव्हा सगळ्यांना सांगितलं की भूमिकेत इतका शिरलो होतो की काही कळलंच नाही, आणि लोकांनी ते कौतुकानं ऐकलं, एका ज्येष्ठ नटानं तर पाठ थोपटली. कळलं होतं. दोन सेकंद, फार तर तीन, मी हात काढले नाहीत, कारण समोरची शांतता मोडली असती. मग काढले. ती मेल्यासारखी पडून राहिली, कारण तिचं कामच ते होतं, आणि पडदा पडेपर्यंत पडून राहिली. विंगेत आल्यावर खोकत होती. मी पाणी दिलं तर तिनं ते दुसऱ्याच्या हातून घेतलं. निकालाला ती ओढणी गळ्याभोवती गुंडाळून आली, मे महिन्यात. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, तिनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिनं कुठल्याच नाटकात काम केलं नाही.

तुम्ही म्हणाल, अपघात होतात. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो. सव्वीस वर्षांच्या पोराला स्पर्धेचं दडपण, दिग्दर्शकानं उशी काढली, परीक्षक समोर, काय करणार तो. पण तो पोरगा आज समोर बसला तर मी त्याला विचारीन की तीन सेकंदांत तू काय मोजत होतास.

2006 ला 'ओंकारा' आला, ऑथेल्लोवरचाच हिंदी सिनेमा, तेव्हा मित्रांबरोबर गेलो. मूळ नाटकात संशय पेटवणाऱ्या रुमालाऐवजी कमरबंद, सैफचा लंगडा त्यागी, सगळं भारी वाटत होतं, पण शेवट जवळ आला तसा बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो. तो शेवट मी लॉकडाऊनमध्ये, एकटा असताना पाहिला. ती मरून पडलेली असते तो झोपाळा. त्यानंतर मात्र थांबलो नाही, ऑथेल्लोवरचं जे मिळेल ते बघत सुटलो. केरळचा 'कलियाट्टम', 1997 चा, ज्यात नायक तेय्यम, म्हणजे तिकडचं देवाचं सोंग घेऊन करायचं विधिनृत्य, करणारा आहे आणि सुरेश गोपी तोंडावर देवीचे व्रण घेऊन वावरतो. अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा 1952 चा, पैसे संपत होते म्हणून तीन-एक वर्षं तुकड्यातुकड्यानं केलेला. कपडे आले नाहीत तर त्यानं एक खून थेट हमामात, टॉवेल गुंडाळलेल्या माणसांत घेतला. हौशी नाटकवाल्याला हे वाचून जवळचं वाटतंच. त्याच सिनेमात ऑथेल्लो बायकोच्या, डेस्डेमोनाच्या, तोंडावर फक्त एक पातळ कापड पसरतो, आणि श्वास अडकतो तो बघणाऱ्याचा. कॅमेरा जवळ आहे म्हणून जमतं, स्टेजवर नाही जमणार, असं मी लगेच स्वतःशी भांडलो. मग 'सप्तपदी' पाहिला, 1961 चा बंगाली. त्यात कॉलेजच्या नाटकात उत्तमकुमार ऑथेल्लो आणि सुचित्रा सेन डेस्डेमोना, पण आवाज उत्पल दत्त आणि जेनिफर केंडल यांचे. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, आणि तरी अंगावर काटा येतो. इतक्या शांत डोक्यानं हे करता येतं.

सगळ्यात वाईट 'अ डबल लाइफ' होता, 1947 चा. ऑथेल्लो करणारा नट हळूहळू स्टेजबाहेरही ऑथेल्लोच होत जातो, रोनाल्ड कोलमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, बघा, होतं असं माणसाचं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा कळलं की त्या माणसाचं भान सुटलेलं आहे. माझं सुटलं नव्हतं. मी पंखा ऐकत होतो.

तर परत का आलो. प्रायश्चित्त वगैरे नाही, तिला माझ्या तालमींचा काय उपयोग. तिला दोनदा पत्र लिहिलं, पाठवलं नाही, कारण वाचायचं की नाही हे ठरवायचं ओझंही तिच्यावरच पडलं असतं असं मला वाटतं, आणि कधी वाटतं की ही पण माझी पळवाटच. मला नाटक आवडतं म्हणून आलो. ते आवडणं कधी गेलंच नव्हतं, आणि त्याचीच मला इतकी वर्षं लाज वाटत होती. पहिले सहा महिने लाइट्सवर बसलो, मग दोन पानांची एक भूमिका केली.

आता ग्रुपमधली पोरं 'झुंझारराव'चा शेवटचा अंक करतायत. मी नको म्हणालो होतो, मग म्हटलं निदान तो प्रवेश मी बसवतो. परवा त्या मुलीला सांगितलं की मनगटं तू धरायचीस, जोर तुझा, थांबवायचं तू, आणि उशी परत आणली, मागच्या रांगेला दिसो न दिसो. मुलगा चोवीस वर्षांचा आहे, मनापासून काम करतो. त्यानं विचारलं, "काका, पण रंगात आल्यावर थाप कळलीच नाही तर?"

"कळते," म्हटलं.